अर्धं छप्पर

३ फेब्रुवारी

धाकट्या,

लोकांपुढे मी तुला फादर म्हणते, पत्रात म्हणणार नाही. आणि फोन का केला नाहीस असं विचारू नकोस. फोनवर मला नीट भांडता येत नाही. मी तोंड उघडलं की तुझी मीटिंग सुरू होते.

रविवारी मिस्सेला गेलो तर चर्चच्या दाराला कुलूप. एवढं मोठं, नवंकोरं. आपल्या चर्चच्या दाराला कडी आहे हेही मला आजवर ठाऊक नव्हतं, कारण ते दार कधी बंद बघितलंच नाही. वर कागद चिकटवलेला: छप्पर धोकादायक झाल्यामुळे पुढील सूचनेपर्यंत बंद. खाली तुमच्या बिशप हाऊसचा शिक्का. थोरले फादर घरातही नाहीत. शनिवारी दुपारी गाडी आली आणि त्यांना घेऊन गेली, एवढंच समोरच्या पाववाल्याने सांगितलं. तुझ्या-माझ्या डोक्यावर ज्यांनी पाणी घातलं, बाबांना ज्यांनी माती दिली, ते माणूस कुणाला साधं "येतो" न म्हणता गेलं.  आईला धरून आणलं होतं, ती पायरीवर बसली ती उठेना.

 मग आपल्या गल्लीतला नळवाला बोलला. तुला माहीतच आहे, हाताने नळ जोडतो आणि तोंडाने माणसं तोडतो. पण या वेळी बोलला ते खरं होतं. म्हणाला, "छप्पर खराब आहे हे आपल्याला चार वर्षांपूर्वीच माहीत होतं. म्हणून तर पैसे दिले. मग ते पैसे गेले कुठे?"

धाकट्या, त्यात माझं शिवण आहे. प्रत्येक झग्यामागे थोडं बाजूला काढून मी त्या छपराला दिलंय. नळवाल्याने टेम्पोसाठी साठवलेले दिले. पावती कुणी घेतली नाही, देवाच्या कामाला पावती कसली मागायची.

तू त्या ऑफिसात हिशेब बघतोस. तुझ्या टेबलावरून मुंगी गेली तरी तुला कळतं. सांग, काय झालं?

तुझी ताई


१२ फेब्रुवारी

ताई,

तुझं पत्र तीनदा वाचलं. उत्तर द्यायला उशीर झाला, कारण काय लिहावं तेच सुचत नव्हतं.

तुझ्यापाशीच ठेव. आम्ही चर्चचं खातं तपासलं तेव्हा छपरासाठी जमलेल्या रकमेतली जेमतेम निम्मी उरली होती. बाकीची थोरल्या फादरांनी दोन वर्षांपूर्वी एकदम काढली. कशासाठी, ते सांगत नाहीत. बिशपांनी स्वतः विचारलं, तरी गप्प. मी समोर बसलो होतो. लहानपणी ज्यांच्या झग्याला धरून मी वेदीपर्यंत चाललो, ते खाली मान घालून बसले होते. 

उरलेली रक्कम सुरक्षित आहे. छपराची तुळई वाळवीने पोखरली आहे हेही खरंच आहे, तेव्हा चर्च बंद करणं भाग होतं.

एक विनंती. तू पुढे होऊन आरडाओरडा करू नकोस. संस्थेवर विश्वास ठेव. दोन वर्षांपूर्वी माझ्या हृदयाचं ऑपरेशन झालं, आठवतंय ना? एवढा खर्च, पण मला एक पैची चिंता करावी लागली नाही. मी गुंगीत होतो, बिशपांचे सेक्रेटरी येऊन म्हणाले, सोय झाली आहे, तुम्ही फक्त बरे व्हा. जिथे हिशेब चोख असतो तिथेच अडल्या वेळी अशी सोय होते. थोरल्या फादरांनी हिशेब चोख ठेवला नाही, एवढंच माझं म्हणणं आहे.

गोळ्या वेळेवर घेतो. आईला सांग.

धाकटा


२० फेब्रुवारी

धाकट्या,

तुझ्यापाशीच ठेव म्हणालास. नाही राहिलं माझ्यापाशी. माझ्या पोटात तीळ भिजत नाही हे तुला चांगलं माहीत आहे, मग लिहिलंस कशाला?

तुझं पत्र वाचून मी मशीनवर बसले तर सुई बोटातून गेली. निम्मे? थोरल्या फादरांनी? मला वाटत होतं तुमच्या ऑफिसने काहीतरी घोळ घातला असेल आणि फादर बिचारे त्यात सापडले असतील. तू म्हणतोस ते बरोबर उलटं. दोन दिवस मी कुणाशी बोलले नाही. तिसऱ्या दिवशी नळवाला गळका नळ बघायला आला आणि मी सगळं सांगून टाकलं.

मग सभा भरली, माझ्याच शिवणाच्या खोलीत. कापडाच्या गठ्ठ्यांवर, कपाटाला टेकून, दारात, जागा मिळेल तिथे माणसं. पाववाल्याने हळूच विचारलं, ते पैसे पेटीत तर गेले नसतील? सगळ्यांनी त्याच्याकडे असं बघितलं की तो पुन्हा बोललाच नाही. पेटीचं विचारायचं नसतं. तू लहान होतास, तुला फक्त नियम माहीत आहे, तो का झाला ते नाही. आपल्यातल्या एका सुताराला चर्चने अडचणीत मदत केली आणि बायाबापड्यांनी नळावर त्याच्या बायकोला ते ऐकवलं. एका सकाळी ते कुटुंब गाव सोडून गेलं. तेव्हा सगळ्या मोठ्या माणसांनी वेदीपुढे शपथ घेतली: बाजूच्या दाराशी एक पेटी असेल, तीत कोण घालतं ते विचारायचं नाही, तीतून कुणाला मिळतं तेही विचारायचं नाही. फक्त फादरांना माहीत. शपथेला पहिला हात बाबांनी वर केला होता.

पण ती पेटी चिल्लरीची. छपराचे पैसे वेगळे. ते छपरासाठीच दिलेले होते.

तर आम्ही बिशपांना अर्ज लिहिलाय: चौकशी करा, पैसे शोधा, दोषी असेल त्याच्यावर केस करा. पहिली सही कुणी करायची म्हणून सगळे एकमेकांचं तोंड बघत होते. मी केली.

आणि आता घरातलं ऐक. आई माझ्याबरोबर जेवत नाही. ताट घेऊन आपल्या खोलीत जाते. काल विचारलं तर म्हणाली, "त्या माणसाला चोर म्हणणाऱ्यांच्या पंगतीला मी बसणार नाही." म्हाताऱ्या माणसांचं असंच असतं. झग्यातला माणूस चुकतो हे त्यांच्या मनाला पटतच नाही. होईल हळूहळू ठीक.

ताई


२ मार्च

ताई,

मी चिडलो होतो, म्हणून आठवडाभर लिहिलं नाही. मी विश्वासाने सांगितलं आणि तू पंचक्रोशीला सांगितलंस.

पण अर्ज माझ्याच टेबलावर आला. तुझी सही सगळ्यात वर, तीच, शेवटच्या अक्षराला शेपूट काढलेली. आणि खरं सांगू, तुमचं बरोबर आहे. लोकांनी विचारलंच पाहिजे.

अहवाल मला लिहायचा होता, तो मी लिहिला. फादरांना पुन्हा समोर बसवून विचारलं. ते एवढंच म्हणाले, "छपराचे पैसे मी पेटीत घातले. ती चूक माझी. शिक्षा द्या. पेटीतून कुणाला दिले ते सांगणार नाही." मी म्हटलं, एवढी मोठी रक्कम? एकाच माणसाला? ते माझ्याकडे बघत राहिले. इतका वेळ बघत राहिले की मीच नजर वळवली. मला ती नजर निर्ढावलेली वाटली, ताई. वाईट वाटतं लिहायला.

मी अहवालात लिहिलं आहे की हा सरळ अपहार आहे आणि प्रकरण पोलिसांकडे द्यावं. नियम कितीही प्रेमाने केलेला असो, त्याच्या आडोशाला लपता येत नाही. पुढच्या महिन्याच्या सुरुवातीला बिशप सही करतील. या वयात त्यांना कोर्टाच्या पायऱ्या चढाव्या लागतील. पण त्याला मी काय करू?

ते आता निवृत्त फादरांच्या घरी आहेत. तुझ्या मनाची खात्री करायची असेल तर एकदा जाऊन भेट. तुझ्याशी कदाचित बोलतील.

धाकटा


११ मार्च

धाकट्या,

जाऊन आले. नसते गेले तर बरं झालं असतं.

लांबलचक व्हरांडा, भिंतीला लावून ठेवलेल्या खुर्च्या, आणि शेवटच्या खुर्चीत आपले फादर. झगा नाही, साधा सदरा, आणि त्याचं वरचं बटण तुटलेलं. माझ्या पिशवीत सुईदोरा असतोच. चोर म्हणून ज्याच्यावर सही केली त्याच्या सदऱ्याला मी बटण लावत बसले, यापुढे काय सांगू. माझं मलाच कळेना मी रागावलेय की रडतेय.

सरळ विचारलं. म्हटलं, फादर, आमचे पैसे काय केलेत? ते म्हणाले, "पेटीतून दिलेलं सांगायचं नसतं. नियम तुमचाच आहे. तुझ्या बाबांनी पहिला हात वर केला होता."

मी म्हटलं, बाबांनी चोरीसाठी हात वर केला नव्हता. फार बोलले मी. ते ऐकत राहिले. आणि मग विषयच बदलला. "भाऊ कसा आहे? जिने चढतो का?" म्हटलं, चढतो. "धाप लागत नाही ना?" नाही लागत. मी परत पैशांवर आले, तर परत तेच: "रात्री झोप लागते का त्याला? वजन वाढलं का?" माझा असा संताप झाला. तुझ्या नावाने मला पाघळवायचा डाव, तो का मला कळत नाही? तू त्यांच्याविरुद्ध अहवाल लिहिलास हे त्यांना माहीत असणारच. निघताना म्हणाले, "अहवाल चांगला लिहिलाय म्हणे. त्याचं अक्षर लहानपणापासूनच चांगलं."

घरी येऊन आईला सांगितलं. ती पाखडत होती ते सूप बाजूला ठेवून उठली आणि भिंतीकडे तोंड करून निजली. दिवसाढवळ्या.

आता तूच सांग, आपण चुकतोय का कुठे? मला काही सुचत नाही.

ताई


१९ मार्च

ताई,

अक्षर लागलं नाही तर माफ कर.

तुझं पत्र वाचताना मी जिन्यातच उभा होतो. "धाप लागत नाही ना" इथवर आलो आणि पुढे वाचता येईना. तसाच खाली आमच्या रोखपालांकडे गेलो. माझ्या ऑपरेशनचे पैसे आपण कोणत्या खात्यातून दिले, ते विचारलं. ते माझ्याकडे बघतच राहिले. म्हणाले, "आपण? फादर, तुमचा अर्ज तर समितीने नामंजूर केला होता. खर्च फार मोठा आहे, सरकारी दवाखान्यात नंबर लावा म्हणून. आठवड्याने हॉस्पिटलनेच कळवलं की पैसे भरले गेले. आम्हाला वाटलं घरच्यांनी भरले असतील."

आणि मला वाटत होतं ऑफिसने भरले, म्हणून माझ्या आजारपणातले कागद मी कधी उघडून बघितलेच नाहीत. तुला वाटत होतं ऑफिसने भरले. दोन वर्षांत कुणी कुणाला विचारलं नाही.

हॉस्पिटलात गेलो. काउंटरवरच्या बाई म्हणाल्या, एक म्हातारे फादर आले होते, पिशवीतून रोख घेऊन. पावतीवर नाव घालू नका म्हणाले.

मी त्यांना अपहारी लिहिलं, ताई. माझ्या चांगल्या अक्षरात. ते समोर बसून माझ्याकडे बघत होते ते कशासाठी, ते आता कळतंय. मी श्वास घेतोय का ते बघत होते.

धाकटा


२४ मार्च

बाळा,

तुझं पत्र हातात घेऊन आईच्या खोलीत गेले. काही न बोलता तिच्यापुढे धरलं. तिला वाचता येत नाही आता, डोळे गेलेत. पण कागद हातात घेतला आणि म्हणाली, "कळलं तर एकदाचं."

तिला सगळं माहीत होतं. तुझा अर्ज नामंजूर झाल्याचं त्या सेक्रेटरीने घरी कळवलं होतं. मी गिऱ्हाइकाकडे माप घ्यायला गेले होते, निरोप आईने घेतला. भर उन्हात, एकटी, चप्पल न घालता ती फादरांकडे गेली आणि पदर पसरून म्हणाली, माझ्या पोराला वाचवा. ते म्हणाले, "पेटीत एवढे नाहीत." मग बराच वेळ छपराकडे बघत बसले म्हणे. मग म्हणाले, "जा घरी. कुणाला बोलू नका, नियम आहे." आणि या बाईने नियम पाळला. पोटची पोर रोज त्या माणसाला शिव्या देतेय, आणि हिने ताट उचलून वेगळं जेवायचं तेवढं केलं. तोंड उघडलं नाही.

मला आता आरशात बघवत नाही. पहिली सही माझी आहे.

पण ऐक माझं. तू गप्प बस. अहवाल मागे घे, चूक झाली म्हण, काहीही कारण दे, पण हे सांगू नकोस. या लोकांना मी ओळखते. नळवाला तुला फाडून खाईल. म्हणतील, फादरांनी आपल्या लाडक्याला दिले, बहिणीने बोंब ठोकून झाकलं. तुझा झगा जाईल. मला गल्लीत तोंड दाखवता येणार नाही. त्या सुताराच्या बायकोचं काय झालं ते मी डोळ्यांनी पाहिलंय. फादरांनीच नियम पाळला ना? मग आपणही पाळू या.

लिहिते आहे आणि लाज वाटते आहे. तरी लिहिते आहे.

ताई


२९ मार्च

ताई,

मी गप्प बसलो तर बिशप पुढच्या आठवड्यात माझ्याच अहवालावर सही करतील. कारण न देता तो मागे घेता येत नाही, आणि कारण एकच आहे.

घेणाऱ्याचं नाव इतरांनी घ्यायचं नाही असा नियम आहे. घेणाऱ्याने स्वतः सांगू नये असं कुणी म्हटलेलं नाही.

बिशपांना सांगितलं. त्यांनी सही थांबवली, पण तक्रार लोकांची आहे, ती लोकांनीच मागे घ्यायला हवी. म्हणून रविवारी येतो. चर्चच्या दारापाशी सगळ्यांना बोलाव.

आणखी एक सांगायचं आहे, ते त्यांच्यापुढेच सांगेन. उरलेले निम्मे पैसे सुरक्षित आहेत असं मी तुला लिहिलं होतं. ते कुठे सुरक्षित आहेत हे तू विचारलं नाहीस, मीही सांगितलं नाही.

तुझ्यावर रागावलो नाही. मीही चार रात्री हाच विचार करत होतो.

धाकटा


१० एप्रिल

धाकट्या,

बस सुखरूप मिळाली ना? तू बोलून झाल्यावर घामाघूम झालास म्हणून आईने हट्टाने तुझा हात धरून तुला घरी नेलं, त्यामुळे पुढचं तू ऐकलं नाहीस. ते सांगायलाच हे पत्र.

तू गेलास आणि अंगणात कुणी हलेना. तुझ्या पहिल्या गोष्टीने बसलेला धक्का पचला नव्हता, तोवर तू दुसरी सांगितलीस: उरलेले पैसे बिशप हाऊसच्या सामाईक खात्यात वळवले, बंद पडलेल्या चर्चचे तसेच वळवतात, आणि कागदावर सही तुझी. माणसं त्या कुलपाकडे बघत उभी. मी तर जमिनीकडे बघत होते.

मग एक बाई म्हणाली, "फादरांनी आपल्याला विचारायचं होतं. जीवाचा प्रश्न, आपण नाही म्हटलं असतं का?" सगळ्यांनी माना डोलावल्या. आणि नळवाला म्हणाला, "म्हटलं असतं. खरं बोलू या. मी तरी नाही म्हटलं असतं. टेम्पोचे पैसे होते माझे."  

त्यावर बरीच भांडणं झाली. दोन घरं उठून गेली, ती अजून माझ्याशी बोलत नाहीत. एका बाईने शिवायला टाकलेलं कापड परत नेलं. हे मी धरूनच चालले होते. पण संध्याकाळी नळवाला जुन्या अर्जाची प्रत घेऊन घरी आला, माझ्यासमोर फाडली, आणि म्हणाला, "ताई, नवा लिहा. छातीतलं अर्धं माफ. ऑफिसातलं अर्धं नाही." फादरांवरची तक्रार आम्ही मागे घेतली. उरलेल्या पैशांचा जाब आता तुमच्या ऑफिसला विचारलाय. या अर्जावर पहिली सही आईची आहे. डोळ्यांना दिसत नाही तर मी बोट धरून जागा दाखवली. तुझ्या टेबलावर आला तर लपवू नकोस. तिथे तुझं टेबल उरलं असेल तर. त्यांनी तुला हलवलं तर आधी मला कळव, माझ्या खोलीत कापडाचे गठ्ठे सरकवले की एक खाट बसते.

फादरांकडे काल जाऊन आले. ते खूश नाहीत. "दोन वर्षं मी तोंड मिटलं, त्याने एका मिनिटात उघडलं," म्हणाले आणि माझ्याकडे पाठ केली. मीही हट्टाने बसून राहिले. मी माफी मागितली.  शेवटी तोंड न वळवताच त्यांनी विचारलं, "बोलताना धाप लागली का त्याला?" म्हटलं, लागली थोडी. म्हणाले, "उभ्याने बोलायचं कशाला मग. पायरी होती ना बसायला."

आई काल माझ्याबरोबर जेवली. पहिल्याच घासाला भाजीत मीठ कमी म्हणाली.

नळवाल्याचा निरोप राहिला. जिना उतरता उतरता परत वर आला आणि दारातून म्हणाला, "त्याला सांगा, जपून राहा म्हणावं. आमचं अर्धं छप्पर घेऊन फिरतोय तो." मला वाटलं टोमणा मारतोय. तोंडाकडे बघितलं तर त्याचे डोळे भरले होते.

तेव्हा जिने सावकाश चढ.

तुझी ताई